विंडोज आणि उबुंटू एकाच लॅपटॉपवर, दोन्हीला कुलूप आणि बूट मेनू गायब: फॉरमॅट न मारता परत कसं आणायचं

मागच्या आठवड्यात सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला चाललो होतो, माढा मागं गेलं आणि मामेबहिणीचा फोन आला. "दादा, लॅपटॉप गेला बघ. रात्री विंडोज अपडेट झालं, उबुंटूचा मेनूच येईना, आता तर निळी स्क्रीन आलीय आणि ४८ आकडे मागतंय." घरात तेवढा एकच लॅपटॉप. दिवसा मामा विंडोजवर टॉवेलच्या कारखान्याची बिलं आणि जीएसटी करतात, रात्री ती उबुंटूवर कॉलेजचं प्रोजेक्ट करते. विंडोजच्या बाजूला बिटलॉकर, उबुंटूच्या बाजूला लक्स, म्हणजे दोन्हीकडं एन्क्रिप्शन, आणि ते मीच करून दिलेलं कारण त्यात गिऱ्हाइकांचे हिशोब असतात. जवळच्या एका दुकानात तिनं विचारलं तर उत्तर एकच, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल.

हे वाक्य ऐकून किती जणांनी आपले फोटो, हिशोब, प्रोजेक्ट घालवलेत याचा मला खरंच त्रास होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. बूट मेनू गायब होणं आणि डेटा जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा आत कुलूपबंद पडलेला असतो, बिघडलेला असतो तो फक्त दारापर्यंतचा रस्ता.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच खाली लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी, जिथं कॅपिटल हवंय तिथं तसं सांगितलंय.

आधी चावी शोधा, मग हात लावा

काहीही करण्याआधी दोन चाव्या हातात पाहिजेत. एक, बिटलॉकरची रिकव्हरी की, ४८ आकडे, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. दोन, लक्सचा पासफ्रेज, जो उबुंटू टाकताना तुम्ही स्वतः ठेवला होता. पासफ्रेज विसरला असाल तर मागच्या दारानं आत जायची सोय लक्समध्ये ठेवलेलीच नाही, कुणी "काढून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

बिटलॉकरचं मात्र बरेच लोक म्हणतात, आम्ही तर कधी चालूच केलं नव्हतं. बरोबर आहे, तुम्ही केलं नसेल, पण विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. त्यामुळं ज्याच्या अकाउंटनं लॅपटॉप पहिल्यांदा सेट केला त्या माणसाला पकडायचं, मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करायचं, डिव्हाइसेस मध्ये जाऊन आपल्या लॅपटॉपपुढं रिकव्हरी की बघायची. निळ्या स्क्रीनवर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळली पाहिजेत, कारण एका अकाउंटमध्ये दोन-तीन लॅपटॉपच्या की असू शकतात.

आमच्याकडं अकाउंट मामांचं. ओटीपी मामांच्या मोबाइलवर, मामा कारखान्यात, आणि लूम चालू असताना कानाशी धरलेला फोन ऐकू येत नाही तर खिशातला काय ऐकू येणार. तिनं शेवटी शेजारच्या पोराला गाडीवर पाठवलं, मामा बाहेर रस्त्यावर येऊन ओरडून आकडे सांगतात, इकडं ही लिहून घेते, तोवर माझी गाडी कुर्डुवाडीच्या पुढं, रेंज येते-जाते. एक आकडा चुकला की पूर्ण गट परत. म्हणून सांगतो, आज सगळं नीट चालू असतानाच ही की कागदावर लिहून ठेवा. विंडोज चालू असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून "मॅनेज-बीडीई, स्पेस, हायफन प्रोटेक्टर्स, स्पेस, हायफन गेट, स्पेस, सी कोलन" मारलं की तीच की समोर येते.

कुठं अडकलंय ते बघा

लॅपटॉप चालू झाला की एक साखळी सुरू होते. पहिल्यांदा मदरबोर्डवरचं यूईएफआय, ज्याला आपण सवयीनं बायोस म्हणतो. ते स्वतःच्या मेमरीतली यादी बघतं, कुठला बूट मॅनेजर आधी, कुठला नंतर. मग डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जातं, हे छोटंसं फॅट३२ पार्टिशन असतं आणि याला कुलूप नसतं. तिथं ईएफआय फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर आणि उबुंटूचं एक. उबुंटूच्या फोल्डरमधला शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो, तो ग्रबला, म्हणजे बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला उठवतो, ग्रब बूट पार्टिशनमधून मेनू वाचतो, कर्नल (उबुंटूचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीपुरती लागणारी छोटी सिस्टिम) मेमरीत घेतो, मग इनिटरॅमएफएस तुमच्याकडं पासफ्रेज मागतं, आणि तेव्हा कुठं लक्सचं कुलूप उघडतं. उबुंटूच्या नेहमीच्या एन्क्रिप्टेड इन्स्टॉलमध्ये बूट पार्टिशन वेगळं आणि विनाकुलूप असतं, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

आता स्क्रीनवर काय दिसतं त्यावरून कडी ओळखायची. सरळ विंडोज चालू झालं तर यूईएफआयची यादी बदललीय. काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब आणि बाणाचं चिन्ह आलं तर ग्रब जिवंत आहे पण त्याला मेनूची फाइल सापडेना. निळी स्क्रीन आणि ४८ आकडे म्हणजे बिटलॉकरला काहीतरी बदललेलं जाणवलंय. मेनू आला, उबुंटू निवडलं, पण पासफ्रेज न विचारता थोड्या वेळानं बिझीबॉक्स म्हणून शेल आली तर दोष इनिटरॅमएफएसमध्ये. आणि पासफ्रेज विचारतंय पण चुकीचा म्हणतंय, तर घाबरण्याआधी कॅप्स लॉक आणि कीबोर्ड लेआउट बघा. मराठी इनस्क्रिप्ट किंवा वेगळा लेआउट वापरणाऱ्यांनी पासफ्रेज साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांतच ठेवावा, त्या स्क्रीनवर लेआउट बदलायची सोय बहुधा नसते.

निळी स्क्रीन आली तर

तिच्याकडं निळी स्क्रीन का आली ते ऐका, कारण निम्मे लोक हेच करतात. मेनू गायब झाला म्हणून तिनं कुठल्यातरी व्हिडिओत बघून बायोसमध्ये आधी डिफॉल्ट सेटिंग लोड केलं आणि वर सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीच्या सहीचेच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय, बंद केलं. बिटलॉकरची चावी टीपीएम चिपमध्ये असते आणि ती चिप चावी देण्याआधी बघते की बूटची परिस्थिती काल होती तशीच आहे का. सिक्युअर बूटची स्थिती त्या तपासणीत धरलेली असते. ती बदलली की चिप चावी देत नाही आणि विंडोज रिकव्हरी की मागतं. कुलूप तुटलेलं नसतं, राखणदारानं ओळख पटत नाही म्हणून अडवलेलं असतं.

म्हणून पहिला उपाय, जे बदललं ते जागेवर ठेवा. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट परत चालू करा, सेव्ह करून बाहेर या. एवढ्यानंच बऱ्याचदा विंडोज की न मागता उघडतं, तिचंही उघडलं. मामांना रस्त्यावर उभं करून घेतलेले आकडे त्या वेळी लागले नाहीत पण लिहून झाले ते चांगलंच झालं.

आणि यापुढं बायोसमध्ये जायचं असेल, बायोस अपडेट करायचं असेल, तर आधी विंडोजमध्ये बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं: "मॅनेज-बीडीई, हायफन प्रोटेक्टर्स, हायफन डिसेबल, सी कोलन". यानं डेटा डिक्रिप्ट होत नाही, पण चिपची तपासणी थांबते आणि चावी तेवढ्यापुरती डिस्कवरच उघडी राहते, म्हणून तेवढा वेळ लॅपटॉप सांभाळा, आणि एक रीस्टार्ट झाला की परत आपोआप चालू होतं. दोन-तीन रीस्टार्ट लागणार असतील तर शेवटी "हायफन रीबूटकाउंट, स्पेस, शून्य" जोडा आणि काम झालं की डिसेबलच्या जागी इनेबल लिहून तीच कमांड आठवणीनं मारा.

ग्रबला यादीत परत बसवणं

सगळ्यात सोपं आधी. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची की दाबा, कंपनीप्रमाणं एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. यादीत उबुंटू दिसलं तर निवडा, आत जा, आणि टर्मिनलमध्ये "सुडो ईएफआयबूटएमजीआर" मारा. सगळ्या नोंदी चार आकडी नंबरासकट दिसतील. उबुंटूचा नंबर पहिला ठेवायचा, समजा उबुंटू ०००३ आणि विंडोज ००००, तर "सुडो ईएफआयबूटएमजीआर, हायफन ओ, ०००३ कॉमा ००००". झालं. विंडोज अपडेटनंतर मेनू गेलाय म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा एवढंच असतं.

यादीत उबुंटू नसेलच, आमच्यासारखं, डिफॉल्ट लोड केल्यावर नोंदच उडालेली, तरी ईएफआय पार्टिशनमधली फाइल तिथंच असते. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू इन्स्टॉल न करता चालतं) लावा, त्याच व्हर्जनचा असला तर उत्तम. लाइव्ह सिस्टिम यूईएफआय मोडमध्येच चालू झालीय का ते "एलएस, स्पेस, स्लॅश सिस स्लॅश फर्मवेअर स्लॅश ईएफआय" मारून बघा, फोल्डर सापडलं पाहिजे. नाहीतर पुढचं काहीच लागू पडणार नाही आणि आपण तासभर डोकं धरून बसतो.

मग "एलएसबीएलके, हायफन एफ". इथं थांबा आणि कागदावर लिहून घ्या कुठलं पार्टिशन कशाचं आहे. व्हीफॅट लिहिलेलं छोटं ते ईएफआय. बिटलॉकर लिहिलेलं विंडोज, त्याला हात नाही लावायचा. एक्सटी४ लिहिलेलं एक-दोन जीबीचं ते बूट. आणि क्रिप्टो अंडरस्कोर लक्स लिहिलेलं मोठं ते आपलं उबुंटू. तिच्या लॅपटॉपवर ईएफआय पी१, विंडोज पी३, बूट पी५, लक्स पी६ होतं. तुमचं वेगळं असेल, माझे नंबर डोळे झाकून टाकू नका.

आता नोंद तयार करायची: "सुडो ईएफआयबूटएमजीआर, हायफन सी, हायफन डी, स्लॅश डेव्ह स्लॅश एनव्हीएमई० एन१, हायफन पी, १, हायफन कॅपिटल एल, उबुंटू, हायफन छोटा एल," आणि शेवटी एकेरी अवतरणात उलटा स्लॅश ईएफआय, उलटा स्लॅश उबुंटू, उलटा स्लॅश शिमएक्स६४ डॉट ईएफआय. रीस्टार्ट करा. या सगळ्यात लक्स उघडायचीसुद्धा गरज पडत नाही, आणि तरी लोक पहिल्या झटक्यात सगळी डिस्क उघडून ग्रब नव्यानं टाकायला घेतात. जेवढं मोडलंय तेवढंच जोडा की!

नुसता ग्रब प्रॉम्प्ट येत असेल तर तिथंच "एलएस" मारा, कंसात एचडी० कॉमा जीपीटी५ अशी नावं दिसतील. एकेकाला विचारत जा, "एलएस, स्पेस, कंस एचडी० कॉमा जीपीटी५ कंस पूर्ण, स्लॅश". ज्यात ग्रब नावाचं फोल्डर आणि व्हीएमलिनझ नावाच्या फाइल दिसतील ते बूट पार्टिशन. मग "कॉन्फिगफाइल, स्पेस, कंस एचडी० कॉमा जीपीटी५ कंस पूर्ण, स्लॅश ग्रब स्लॅश ग्रब डॉट सीएफजी". बूट पार्टिशन वेगळं असल्यामुळं वाटेत बूट हा शब्द परत लिहायचा नाही, इथं नव्वद टक्के लोक चुकतात असं मला तरी अनुभवानं वाटतं. मेनू आला की आत जाऊन ग्रब एकदा नीट इन्स्टॉल करून घ्या, म्हणजे हे रोज करावं लागणार नाही.

पासफ्रेज न विचारता बिझीबॉक्स

रविवारी त्यांच्या घरी गेलो. मामींनी कडक भाकरी, शेंगाचटणी पुढं ठेवली, मी नोंद बसवली, मेनू आला, सगळे खूश, उबुंटू निवडलं आणि पासफ्रेजची स्क्रीन आलीच नाही. खाली अलर्ट, मॅपरमधलं अमुक सापडत नाही, आणि बिझीबॉक्स. मग कळलं की फोन करण्याआधी रात्री तिनं लाइव्ह पेनड्राइव्हवरून त्याच व्हिडिओप्रमाणं लक्स उघडून आत जाऊन इनिटरॅमएफएस नव्यानं बनवलं होतं. कमांड सगळ्या बरोबर होत्या. फक्त लक्स उघडताना जे नाव द्यायचं ते तिनं व्हिडिओतलं दिलं.

हे नाव का महत्त्वाचं ते सांगतो. उबुंटूच्या ईटीसी फोल्डरमध्ये क्रिप्टटॅब नावाची फाइल असते, त्यात लिहिलेलं असतं की हे लक्स पार्टिशन अमुक नावानं उघडायचं. इनिटरॅमएफएस बनताना तो आत्ता उघडलेल्या डिस्कचं नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधतो. नाव जुळलं नाही तर वॉर्निंग देतो आणि ती डिस्क सोडून देतो, एरर म्हणून थांबत नाही. वॉर्निंग दहा ओळींत हरवून जाते. पुढच्या वेळी बूट करताना कुलूप उघडायचंय हेच त्याला माहीत नसतं, मग तो विचारणार काय.

यावर सगळ्यात सोपी वाट आधी बघा: ग्रब मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. इनिटरॅमएफएस अपडेट करताना नुसतं हायफन यू दिलं असेल तर फक्त सगळ्यात नवीन कर्नलचंच बदलतं, जुन्याचं शाबूत राहतं. जुन्यातून आत गेलात तर टर्मिनलमध्ये "सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस, हायफन यू, हायफन के, ऑल" मारा, काम संपलं. तिच्या व्हिडिओत ऑल दिलेलं होतं, म्हणून आम्हाला लांबची वाट घ्यावी लागली.

लांबची वाट अशी. लाइव्ह पेनड्राइव्हवरून "सुडो क्रिप्टसेटअप ओपन, स्लॅश डेव्ह स्लॅश एनव्हीएमई० एन१ पी६, बघू". बघू हे तात्पुरतं नाव. पासफ्रेज टाइप करताना स्क्रीनवर काही उमटत नाही, तसंच असतं. मग "सुडो व्हीजीचेंज, हायफन एवाय" म्हणजे कुलपाच्या आत एलव्हीएमनं पाडलेले डिस्कचे भाग जागे होतात. "एलएसबीएलके" मारून रूटचं, म्हणजे उबुंटूच्या मुख्य भागाचं नाव बघा, ते "सुडो माउंट" करून एमएनटीवर बसवा, आणि "कॅट, स्लॅश एमएनटी स्लॅश ईटीसी स्लॅश क्रिप्टटॅब". ओळीतला पहिला शब्द म्हणजे खरं नाव. तिच्याकडं डीएम अंडरस्कोर क्रिप्ट हायफन ० होतं, जुन्या इन्स्टॉलमध्ये पार्टिशनच्या नावापुढं अंडरस्कोर क्रिप्ट असं असतं.

आता सगळं उलट्या क्रमानं बंद: "सुडो यूमाउंट, स्लॅश एमएनटी", मग "सुडो व्हीजीचेंज, हायफन एएन", मग "सुडो क्रिप्टसेटअप क्लोज, बघू". मधली पायरी विसरली की डिव्हाइस बिझी म्हणतो. परत ओपन, या वेळी खऱ्या नावानं, परत व्हीजीचेंज हायफन एवाय. रूट एमएनटीवर, पी५ एमएनटी स्लॅश बूटवर, पी१ एमएनटी स्लॅश बूट स्लॅश ईएफआयवर, याच क्रमानं माउंट करा. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डर "सुडो माउंट, हायफन हायफन आरबाइंड, स्लॅश डेव्ह, स्लॅश एमएनटी स्लॅश डेव्ह" अशी एकेक करून जोडा. मग "सुडो सीएचरूट, स्लॅश एमएनटी". आता तुम्ही पेनड्राइव्हवरून चालू असूनही आपल्याच उबुंटूच्या आत आहात.

आत "अपडेट-इनिटरॅमएफएस, हायफन यू, हायफन के, ऑल". या वेळी प्रत्येक ओळ वाचा, क्रिप्टसेटअप वॉर्निंग आली तर पुढं जाऊ नका, नाव परत तपासा. मग "अपडेट-ग्रब". ग्रब स्वतःच खराब असेल तरच "ग्रब-इन्स्टॉल" मारा. "एक्झिट", रीस्टार्ट, पेनड्राइव्ह काढा.

पासफ्रेजची चौकट आली तेव्हा मामा पाठीमागं उभे होते, म्हणाले, "एवढंच होतं व्हय?" मी म्हटलं, होय मामा, एवढंच.

दोन गोष्टी अजून

विंडोजला ग्रबच्या मेनूतून चालू केलं तर सिक्युअर बूट चालू असतानाही बिटलॉकर की मागू शकतो, कारण वाटेत शिम आला की चिपला परिस्थिती वेगळी वाटते. की टाकून वैतागू नका. विंडोजला जाताना एफ१२च्या मेनूतून जा, किंवा उबुंटूमधूनच "सुडो ईएफआयबूटएमजीआर, हायफन एन, ००००" मारून रीस्टार्ट करा, फक्त पुढच्या एका वेळेपुरतं सरळ विंडोज चालू होतं. मामांसाठी मी याचा डेस्कटॉपवर शॉर्टकट करून दिला.

स्क्रीनवर शिम एसबॅट डेटा फेल आणि सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं येऊन लॅपटॉप बंद पडत असेल तर ती ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटची गोष्ट, जुन्या शिमवर तेव्हा बंदी आली आणि जगभरातल्या ड्युअल बूटवाल्यांचे मेनू अडले. बिटलॉकरची की हाताशी ठेवा, सिक्युअर बूट बंद करा, उबुंटूत जा, "सुडो एमओकेयूटिल, हायफन हायफन सेट-एसबॅट-पॉलिसी, डिलीट", रीस्टार्ट करून परत एकदा उबुंटूतच जा, सगळे अपडेट घ्या म्हणजे नवीन शिम येतो, आणि मग सिक्युअर बूट चालू.

सगळं सुरळीत झाल्यावर लक्सच्या हेडरचा बॅकअप घ्याच. पार्टिशनच्या सुरुवातीचा १६ एमबीचा हा तुकडा खराब झाला तर पासफ्रेज बरोबर असूनही काही उघडत नाही. "सुडो क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप" यात एच आणि बी कॅपिटल, पुढं पार्टिशनचं नाव, मग "हायफन हायफन हेडर-बॅकअप-फाइल" आणि पेनड्राइव्हवरचा पत्ता. ती फाइल त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, आणि कुणाच्या हाती लागू देऊ नका, कारण नंतर पासफ्रेज बदलला तरी जुन्या पासफ्रेजवर तो जुना हेडर उघडतो. मामांनी तो पेनड्राइव्ह आणि ४८ आकड्यांचा कागद तिजोरीत जुन्या वह्यांबरोबर ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन, बिलावर वेळ साडेपाच तास मागची येतेय. उबुंटू घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच आपली समजतं. उबुंटूत "टाइमडेटसीटीएल, सेट-लोकल-आरटीसी, १" मारा, मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा.